याउंदे ते प्वाँत-न्वार ओव्हरलँड ट्रकनं: पैसे वसूल, पण कशाचे ते आधी समजून घ्या

कॅमेरूनच्या याउंदेपासून निघून गॅबॉन देश उत्तरेकडून दक्षिणेकडे पूर्ण कापायचा आणि काँगोत (या नावाचे देश दोन आहेत, हा ब्राझाव्हिल राजधानी असलेला), प्वाँत-न्वार बंदराला उतरायचं असा टप्पा मी ओव्हरलँड ट्रकनं केला. अशा ट्रिपा नेणाऱ्या कंपन्या मोजक्याच आहेत, त्यांचा ट्रक पश्चिम आफ्रिकेतून थेट केपटाऊनपर्यंत जातो आणि आपण मधला तुकडा घेऊ शकतो. मराठीत याबद्दल फार कुणी लिहिलेलं दिसलं नाही म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट ट्रकची. मालवाहू ट्रकच्या चासीवर बांधलेली बॉडी, वर सीटा, सीटखाली आपलं लॉकर, बाजूला उघड्या खिडक्या आणि पाऊस आला की सोडायचे प्लास्टिकचे पडदे, खालच्या कप्प्यांत पाण्याची टाकी, गॅस, भांडी, टेंट, आणि बाहेरून अडकवलेल्या सँड मॅट म्हणजे चिखलात चाकाखाली घालायच्या भोकं असलेल्या पट्ट्या. एसी वगैरे काही नाही. स्वयंपाक तीन-चार जणांच्या गटानं आळीपाळीनं करायचा, बाजारातून भाजी पण त्याच गटानं आणायची, पैसे सगळ्यांनी मिळून भरलेल्या किटीतून. ज्याला हे जमणार नाही त्यानं खरंच जाऊ नये, कारण तिकिटात साइटसीइंग जवळजवळ नाहीच, आपण पैसे देतो ते त्या ट्रकचे आणि तो चालवणाऱ्या दोघांचे. आमचे दोघे ड्रायव्हर अप्रतिम होते. रोज सकाळी सगळे चहा पीत असताना त्यातला एक गाडीखाली झोपून बोल्ट आवळत असायचा, एकदाही चुकवलं नाही त्यानं.

रस्ता. याउंदेहून एबोलोवा, आंबाम, तिथून गॅबॉनमध्ये बिताम, ओयेम, मग न्जोलेकडे उतरताना विषुववृत्त ओलांडतो. बराचसा डांबरी आहे. कच्चं लागलं की मग लाल माती, कोकणात जांभ्याची वाट पहिल्या पावसात होते तशीच, फक्त दोन्ही बाजूला झाडं एवढी उंच की दुपारी पण सावलीतच. कॅमेरूनच्या कच्च्या रस्त्यांवर पाऊस पडला की आडवा बांबू टाकून जड गाड्या थांबवतात आणि रस्ता सुकेपर्यंत सोडत नाहीत, नाहीतर एक ओंडक्यांचा ट्रक सगळा रस्ता खोल चाकोऱ्यांनी फाडून टाकतो. आम्ही एका फाट्यावर असेच अडकलो आणि मला तो दिवस सगळ्यात जास्त आवडला, कारण गावातली पोरं फुटबॉल घेऊन आली, बायका टोपलीत केळी आणि शेंगदाणे घेऊन आल्या आणि ट्रकमधले लोक पहिल्यांदाच खाली उतरून नीट बोलले कुणाशी तरी. मुक्काम करायचा असेल तर आधी गावच्या मुखियाला भेटून विचारायचं, हा नियम आमच्या ड्रायव्हरनी कधीच मोडला नाही आणि म्हणूनच आम्हाला शाळेच्या मैदानात टेंट लावायला मिळायचे.

खाण्याचं सांगतो, कारण व्हेज लोकांना तेच विचारायचं असतं. इथं सगळं कसाव्यावर चालतं, म्हणजे ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तोच. कडू जातीत सायनाइड असतं म्हणून कंद काही दिवस पाण्यात भिजवून आंबवतात, मग त्याचं पीठ पानात गुंडाळून वाफवलेल्या लांब कांड्या रस्त्यावर विकतात, कॅमेरूनमध्ये त्याला बोबोलो म्हणतात. वास उग्र, चव आंबूस, पण भाजलेल्या केळ्याबरोबर पोट मस्त भरतं. कसाव्याच्या पानांची भाजी पाम तेलात करतात, ती मला जाम आवडली, पण त्यात सुका मासा असतो बरेचदा, विचारून घ्या. बुकिंगच्या वेळी कंपनीनं व्हेज जेवण आरामात मिळेल असं लिहून दिलं होतं ते अजिबात खरं नाही, लहान गावात टोमॅटो-कांदा सोडून काही मिळत नव्हतं. एक स्टार मी यासाठी कापतोय. डाळ, पोहे, मसाला घरून न्या.

गॅबॉनमधलं लांबारेने मात्र चुकवू नका. ओगोवे नदीतल्या बेटावर वसलेलं गाव, आणि काठावर डॉ. अल्बर्ट श्वाइट्झर यांनी 1913 साली सुरू केलेलं हॉस्पिटल. शांततेच्या नोबेलचे पैसे त्यांनी इथं कुष्ठरोग्यांच्या वस्तीसाठी वापरले. आनंदवन बघितलेल्या माणसाला तिथं फिरताना फार जवळचं वाटतं, मी तरी बराच वेळ तिथंच बसून होतो. त्यांची कबर पण तिथंच आहे. ट्रिपच्या वेळापत्रकात यासाठी जेमतेम अर्धी सकाळ ठेवलेली, ड्रायव्हरला सांगून वाढवून घ्या, ऐकतात.

गॅबॉनच्या दक्षिणेला न्देन्देच्या बाजूला जंगल संपून एकदम मोकळी गवताळ जमीन सुरू होते आणि मग काँगोतल्या दोलिझीपर्यंतचा पट्टा सगळ्यात दमवणारा, मी गेलो तेव्हा खड्डे, धूळ आणि एकामागून एक चेकपोस्ट. प्रत्येक ठिकाणी पासपोर्ट-व्हिसाची माहिती लिहून द्यावी लागते, झेरॉक्सचा गठ्ठा बरोबर असेल तर काम पटकन होतं. थोडं फ्रेंच येत असेल तर फारच बरं, नुसतं बाँझूर म्हटलं तरी समोरचा हसतो. प्वाँत-न्वारला पोचल्यावर जवळच्या चिंपूंगा अभयारण्याची चौकशी करा, शिकाऱ्यांकडून सोडवलेले चिंपांझी सांभाळतात तिथं, चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडॉल यांच्या संस्थेनं 1992 मध्ये सुरू केलंय. रस्त्याकडेला मारलेली माकडं टांगून विकायला ठेवलेली बघत आल्यानंतर हे बघणं मला गरजेचं वाटलं.

पैशाचं सोपं आहे, तिन्ही देशांत एकच सीएफए फ्रँक चालतो आणि एका युरोला साधारण 656 हा दर ठरलेला आहे, म्हणून डॉलरपेक्षा युरो कॅश न्या. पिवळ्या तापाची लस किमान 10 दिवस आधी घ्या आणि कार्ड पासपोर्टलाच जोडून ठेवा, ते नसेल तर भारतात परत आल्यावर पण 6 दिवस क्वारंटाइन करू शकतात. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून सुरू करा, मध्येच सोडू नका. महिना जुलै-ऑगस्ट धरा, तेव्हा या पट्ट्यात पाऊस कमी असतो. पाचपैकी चार स्टार, आणि बुकिंग करताना कंपनीला ट्रकवर ड्रायव्हर कोण, तो या रूटवर आधी गेलाय का, हे विचारल्याशिवाय पैसे भरू नका.