केसांसाठी एक्सोझोम घ्यायला सांगतायत? आधी कुपीवरचं लेबल वाचा

लग्नाळू पोरं आणि त्यांचे आईबाप, दोघांनीही वाचा. माझ्या धाकट्या भावाला पुण्यातल्या एका हेअर क्लिनिकने ९० हजारांचं एक्सोझोम (पेशी बाहेर टाकतात त्या अगदी बारक्या पिशव्या) पॅकेज विकलं, ते पण ईएमआयवर. नाव लिहीत नाही कारण तक्रार चालू आहे, आणि तसंही हा धंदा एकट्या त्यांचा नाहीये.

डॉक्टर दोन मिनिटं येऊन डोकं बघून जातात, बाकी सगळं पांढरा कोट घातलेली काउन्सेलर बोलते. हे नोबेलवालं तंत्रज्ञान आहे म्हणे, बाळाच्या नाळेतल्या स्टेम सेलपासून काढलेलं, एका कुपीत अब्जावधी एक्सोझोम, आणि जिवंत पेशीच नाहीत त्यामुळे साइड इफेक्टचा प्रश्नच नाही सर. वर 'आजच बुक केलं तर डिस्काउंट'. पोराचं लग्न जमवायचं चाललेलं, भरले पैसे.

मी कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवते, म्हणून सांगते, एक्सोझोम खरे असतात आणि भारी असतात, तिथेच तर माणूस फसतो. १९८३ मध्ये कॅनडात मॅकगिल विद्यापीठात रोज जॉनस्टोन आणि अमेरिकेत सेंट लुइसला फिलिप स्टाल यांच्या टीम वेगवेगळ्या काम करत होत्या, विषय अगदी साधा, कोवळी लाल रक्तपेशी मोठी होताना लोह आत घेणारे आपले रिसेप्टर (पेशीवरची लोह पकडणारी प्रोटीन) टाकते कुठे? एकीकडे मेंढीचं रक्त, दुसरीकडे उंदराचं. तर पेशीच्या आत एक पिशवी असते, तिच्यात अजून बारक्या पिशव्या तयार होतात, आणि मोठी पिशवी पेशीच्या कडेला येऊन चिकटली की आतल्या बारक्या बाहेर सांडतात. त्यांना एक्सोझोम हे नाव जॉनस्टोनबाईंनी १९८७ मध्ये दिलं. बरीच वर्षं लोक याला पेशीचा कचराच समजत होते, मग १९९६ मध्ये कळलं की बी पेशींचे (या रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) एक्सोझोम प्रतिकारशक्तीला जागं करू शकतात, आणि २००७ मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्गमधल्या लोटवाल यांच्या टीमने दाखवलं की यातून एका पेशीचा आरएनए, म्हणजे जनुकांचा निरोप नेणारा रेणू, दुसऱ्या पेशीत जातो. तिथून सगळ्यांच्या उड्या पडल्या.

आता नोबेल. ते २०१३ चं, रोथमन, शेकमन आणि स्युडहॉफ यांना, पेशीच्या आत मालाची ने-आण कशी होते त्यासाठी. केसांचा काय संबंध? आणि अब्जावधीचा आकडा म्हणाल तर एक्सोझोम साधारण ३० ते १५० नॅनोमीटरचे, साध्या मायक्रोस्कोपखाली दिसतसुद्धा नाहीत, मोजणारं मशीन लेझरमध्ये चमकणारे कण मोजतं, त्यात प्रोटीनचे गोळे पण मोजले जातात. म्हणजे आकडा कितीही मोठा छापा, आत काय आहे ते त्यावरून कळत नाही.

दुसऱ्या सिटिंगनंतर भावाच्या डोक्यावर फोड आले, ठणकायला लागलं. क्लिनिक म्हणालं 'हीलिंग रिअॅक्शन' आहे. (हा शब्द ऐकलात की उठा आणि निघा.) त्याने सहज कुपीचा फोटो काढून ठेवला होता, मी झूम करून वाचलं तर ते कॉस्मेटिक म्हणून विकलेलं प्रॉडक्ट, फक्त बाहेरून लावण्यासाठी असं स्पष्ट लिहिलेलं, आणि एक्सोझोम कशाचे? गुलाबाच्या पेशींचे! नाळ वगैरे काही नाही. आणि हे लोक ते सिरिंजने डोक्यात टोचत होते.

काउन्सेलर मॅडम म्हणाल्या परदेशात सगळे असंच करतात. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मान्यता देणारी तिथली सरकारी संस्था) २०१९ च्या डिसेंबरात नेब्रास्कातल्या पेशंटना गंभीर त्रास झाल्यावर जाहीर इशारा दिला होता, आणि तिथे आजही एकाही एक्सोझोम प्रॉडक्टला मान्यता नाही. हे सांगितल्यावर मॅडमनी मॅनेजरला बोलावलं, मॅनेजरने सही केलेला कन्सेंट फॉर्म दाखवला.

फोड दुसऱ्या स्किनच्या डॉक्टरांच्या औषधाने बसले. ईएमआय मात्र थांबत नाही, कारण कर्ज फायनान्स कंपनीचं, क्लिनिकला त्यांचे पैसे पहिल्याच दिवशी मिळालेत. आम्ही १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली, अन्न व औषध प्रशासनाला फोटोसकट अर्ज दिला. ज्यांचं पॅकेज चालू आहे त्यांनी पुढच्या वेळी कुपी हातात घेऊन चारी बाजूंनी फोटो काढा आणि बिलावर प्रॉडक्टचं नाव, बॅच नंबर लिहून मागा, आमच्या बिलावर नुसतं 'हेअर वेलनेस पॅकेज' आहे, एक्सोझोम हा शब्दच नाही.