प्लांटनेट : सासूबाईंना न ओळखू येणाऱ्या झाडांसाठी

मागच्या दिवाळीत यवतमाळहून चार कुंड्या आणल्या. चिठ्ठी एकाच कुंडीला होती, आणि तीही चुकीची. 'मनीप्लांट' लिहिलेलं, अन् झाड बघावं तर उभं, जाड खोडाचं, रुंद पानांवर पांढरट शिंतोडे. दुकानात फोन केला तर उत्तर आलं, "काकू, शोचं झाड आहे, पाणी टाकत जा."

आमचं गाव घाटंजी तालुक्यातलं. सासूबाईंना शेताच्या धुऱ्यावरचं गवतसुद्धा नावानिशी ठाऊक. पण ह्या कुंडीभोवती एक चक्कर मारून त्या म्हणाल्या, "हे आपल्याकडलं नोहे वं."

फोटोवरून झाडाचं नाव सांगणारं प्लांटनेट अ‍ॅप मिळण्याआधी मी तसलंच दुसरं एक अ‍ॅप वापरून पाहिलं होतं. त्याचं नाव लिहीत नाही. त्याने आमच्या गाजरगवताला शोभेचं फुलझाड ठरवलं आणि रोज सकाळी सातला 'तुमच्या रोपाला पाणी द्या' म्हणून आठवण सुरू केली. तिसऱ्या फोटोला पैसे मागितले. काढून टाकलं.

मग पुतण्याने मोबाइलमध्ये प्लांटनेट घालून दिलं. फ्रान्समधल्या संशोधन संस्थांनी मिळून केलेलं, २०१३ पासून मोबाइलवर आहे. फुकट, जाहिराती नाहीत. फोटो द्यायचा आणि तो पानाचा, फुलाचा, फळाचा की सालीचा ते सांगायचं. मग संभाव्य नावं टक्क्यांसकट येतात आणि प्रत्येक नावाखाली त्या झाडाचे इतरांनी काढलेले फोटो. ते फोटो आपल्या झाडाशी ताडून बघायचे. मला वाटतं खरं काम तिथेच होतं. नुसती टक्केवारी वाचून उठू नये.

त्या 'मनीप्लांट'चं नाव निघालं डायफेनबेकिया. नाव हाती आल्यावर बाकीचं वाचता आलं. त्याच्या पानाखोडात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चावलं तर जीभ अन् तोंड सुजतं, बोलणं कठीण होतं. घरात नातू दीड वर्षाचा, दिसेल ते तोंडात. कुंडी त्याच दुपारी वरच्या फळीवर गेली. अ‍ॅपने माझ्यासाठी एवढं एकच केलं असतं तरी चाललं असतं.

दुसऱ्या कुंडीतला स्नेक प्लांट मीही ओळखत होते, पण अ‍ॅपने त्याला ड्रॅसिना म्हटलं. चूक नाही ती. पूर्वी त्याला सान्सेव्हिएरिया म्हणत, शास्त्रज्ञांनी आता ड्रॅसिनात घातलंय. तिसरा साधा क्रोटन.

फोटोचं मात्र शिकावं लागतं. माझे पहिले दहाएक फोटो वाया गेले. भर दुपारी पान चमकतं, शिरा दिसतच नाहीत. आता मी एकच पान जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर ठेवते, सावलीत, आणि फूल असेल तर त्याचाही फोटो जोडते. आमच्याकडे रेंज गच्चीवरच मिळते, म्हणून फोटो खाली काढायचे आणि पायऱ्या चढून पाठवायचे.

मृगाचा पाऊस पडला आणि धुऱ्यावर तरोटा, म्हणजे टाकळ्याची रानभाजी, उगवला. मी संध्याकाळी, कामं आटोपून फोटो काढला, तर भलतीच नावं, तीही पाच-सात टक्क्यांची. सासूबाई हसल्या. "काहून वं, झोपलेल्या माणसाचा फोटू काढते का?" खरंच, तरोट्याची पानं सांजेला मिटतात! सकाळी काढला तेव्हा सेन्ना हा वंश बरोबर आला, पण त्या यादीत कासविंदाही होता, आणि तो भाजीत घालायचा नसतो. सासूबाईंनी दोन्ही डहाळ्या माझ्या हातात ठेवल्या. "कासविंद्याच्या पानाले टोक रायते, तरोट्याचं पान पुढं गोल. अन् तरोट्याच्या पानाच्या तीनच जोड्या, मोजून पाय." मोजल्या. तीनच होत्या. भाजी झाली, लसूण घालून.

म्हणजे कुंडीतल्या परदेशी झाडांसाठी बिनधास्त टाकून घ्या. रानभाजीसाठी घरात कोणी जुनं माणूस नसेल तर नुसत्या फोटोवर चूल पेटवू नका.

चौथी कुंडी अजून बेनाव आहे. पानांवरून तीन नावं येतात, कुठलंच वीस टक्क्यांवर जात नाही. फूल आलं की परत फोटो काढीन. सासूबाई तोवर तिला 'पाहुणी' म्हणतात, आणि पाणी त्याच घालतात.