किंडल की सुगम्य पुस्तकालय? दृष्टिहीन वाचकानं कुठलं ई-पुस्तक घ्यावं

भाचीचा परवा फोन आला. "मामा, एमएच्या पुस्तकांसाठी किंडलवर पैसे घालू, की सुगम्यचं सभासदत्व काढू?" किंडल हे ॲमेझॉनचं ई-पुस्तकांचं दुकान, सुगम्य हे छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांचं ऑनलाइन ग्रंथालय. भाचीला दिसत नाही, मलाही नाही. मी बरीच वर्षं एनव्हीडीए या संगणकावरच्या स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचणाऱ्या प्रोग्रॅमवर) वाचतोय, तरी चटकन उत्तर देता येईना. कारण यात दोन प्रश्न गुंतलेत: पुस्तक आपल्याशी बोलतं का, आणि फाइल आपल्या हातात येते का. पहिल्याचं उत्तर 'हो' आलं की लोक दुसरा विचारायचंच विसरतात.

फाइल हातात येते का, हे तिच्यावर कुलूप आहे का यावर ठरतं. हे कुलूप म्हणजे डीआरएम. फाइल सांकेतिक रूपात असते आणि विकणाऱ्याच्या ॲपमध्ये, आपल्या खात्यावरच उघडते. डोळसांना तो थोडा ताप असतो. आपलं मात्र सगळं वाचन त्या एका ॲपच्या मर्जीवर येतं. २००९ साली किंडल २ वर पुस्तक मोठ्यानं वाचून दाखवायची सोय आली, तेव्हा अमेरिकेतल्या ऑथर्स गिल्ड या लेखकांच्या संघटनेनं हरकत घेतली की हा ऑडिओबुकच्या हक्कावर घाला आहे. ॲमेझॉननं माघार घेतली आणि ही सोय पुस्तकागणिक बंद ठेवायची मुभा हक्कदारांना दिली. म्हणजे मशीनला वाचता येत होतं, तरी काही पुस्तकांपुरतं त्याचं तोंड बांधलं गेलं.

आज परिस्थिती पुष्कळ बरी आहे. किंडलचं ॲप आयफोनवर व्हॉइसओव्हर, अँड्रॉइडवर टॉकबॅक आणि संगणकावर एनव्हीडीए या स्क्रीन रीडरांशी नीट जुळतं. आयफोनवर दोन बोटं वरून खाली ओढली की वाचन सुरू होतं, पानं आपोआप उलटतात. इंग्रजी कादंबरी वाचायची असेल तर मी अजूनही किंडलच घेतो. नवं पुस्तक आलं त्याच दिवशी, डोळसांच्या बरोबरीनं वाचायला मिळतं. २०१६च्या अखेरीपासून तिथे मराठी पुस्तकंही आहेत. फक्त विकत घेण्याआधी पुस्तकाच्या माहितीत 'स्क्रीन रीडर' ही ओळ बघायची आणि फुकटचा नमुना उतरवून दोन पानं कानांनी तपासायची. छापील पानांची हुबेहूब नक्कल असलेली पुस्तकं आणि चित्रकथा बहुधा मुक्याच निघतात.

अभ्यासाला मात्र किंडल तोकडं पडतं. मजकूर कॉपी करण्यावर मर्यादा असते. आपल्या आवडीच्या वाचन-ॲपमध्ये किंवा ब्रेल नोटटेकरमध्ये (ब्रेलमध्ये वाचायच्या-लिहायच्या यंत्रात) कुलूपबंद फाइल नेता येत नाही. पुस्तक संगणकावर उतरवून यूएसबीनं हलवायची वाटही फेब्रुवारी २०२५मध्ये बंद झाली.

गूगल प्ले बुक्सवर निदान पुस्तकाच्या माहितीतच कळतं, की कुलूप आहे का आणि मजकूर आहे की नुसते पानांचे फोटो. फोटो असतील तर मी पुढे जात नाही.

आता सुगम्य पुस्तकालय. ऑगस्ट २०१६मध्ये केंद्र सरकारनं डेझी फोरम ऑफ इंडिया ही संस्थांची संघटना आणि टीसीएस यांच्याबरोबर ते सुरू केलं. इथे विक्री नाही. छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांसाठीच हे ग्रंथालय आहे, आणि फोरमशी जोडलेल्या संस्थेमार्फत, प्रमाणपत्र दाखवून सभासद होता येतं. कुलूप दारावर आहे, पुस्तकावर नाही. आत गेलात की फाइल तुमच्या हातात: डेझी या बोलक्या पुस्तकांच्या प्रकारात घ्या, ब्रेलवर वाचा, टिपणं काढा. अमेरिकेतल्या बुकशेअर या ऑनलाइन ग्रंथालयाचं धोरणही असंच, फक्त तिथे फाइलमध्ये सभासदाची ओळख कोरलेली असते, म्हणजे कुणी बाहेर वाटली तर माग लागतो. इंग्रजीसाठी बुकशेअर भरपूर आहे, मराठीसाठी मुख्यतः सुगम्यकडे वळावं लागतं. पण हवं ते पुस्तक असेलच असं नाही आणि स्कॅनच्या चुका सोसाव्या लागतात. 'घर'चं 'धर' होतं, प्रकरणाचं नाव दर पानावर वाक्याच्या मध्येच येऊन धडकतं. त्याचीही सवय होते.

आणि कुलूप नसलं म्हणजे सगळं सुरळीत, असंही नाही. मी एकदा एका प्रकाशकाकडून बिनकुलपाची मराठी पीडीएफ विकत घेतली. हौसेनं उघडली, तर पहिल्याच ओळीत 'आई' असायला हवं तिथे एनव्हीडीएनं वाचलं: "ए एम बी कॉपीराइट". अख्खं पुस्तक त्याच भाषेत! युनिकोडच्या (संगणकानं प्रत्येक लिपीची अक्षरं ओळखायच्या आजच्या सर्वमान्य पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये डोळ्यांना देवनागरी दिसते, पण आत रोमन अक्षरं आणि चिन्हं भरलेली असतात, आणि मशीन तीच वाचतं. शेवटी फाइल गूगल ड्राइव्हवर चढवून, गूगल डॉक्समध्ये उघडून मजकूर ओळखून घेतला. मराठीत आपल्याला कुलपापेक्षा या फॉन्टनी जास्त छळलंय, असं माझं मत आहे.

स्टोरीटेल हे ऑडिओबुकचं ॲप २०१७पासून भारतात आहे आणि मराठी ऐकायचं तर उत्तमच. माणसाचा आवाज असतो, संवाद रंगतात. पण वर्गणी थांबली की कपाट रिकामं. शिवाय ऐकून शुद्धलेखन कळत नाही. 'कि' की 'की', हे ब्रेलवर बोट फिरवल्याशिवाय किंवा अक्षर-अक्षर वाचून घेतल्याशिवाय समजायचं नाही. एमएच्या मुलीला ते लागतंच.

छापील पुस्तक स्वतः स्कॅन करणं चोरी ठरेल का, ही भीती अनेकांना असते. ठरत नाही. २०१२च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये अपंग व्यक्तींसाठी सुगम प्रत करण्याची सवलत आहे, परवानगी न मागता. दृष्टिहीनांसाठीच्या मराकेश करारालाही २०१४मध्ये सर्वांत आधी भारतानंच मंजुरी दिली. कुलूप तोडण्याला कलम ६५अ खाली दोन वर्षांपर्यंत कैद आहे, पण कायद्यानं स्पष्ट मनाई न केलेल्या हेतूसाठी त्याच कलमात सूट आहे. तुम्हाला दुसरा कुणी मदत करणार असेल तर त्यानं तुमचं नाव, पत्ता आणि हेतू नोंदवून ठेवायला हवा. एवढं करून कुलपं तोडत बसायला कुणाला वेळ आहे? युरोपानं वेगळा रस्ता धरला: २८ जून २०२५पासून तिथला सुगम्यता कायदा ई-पुस्तकांना लागू झालाय, आणि कुलपामुळे स्क्रीन रीडर अडता कामा नये, अशी त्यात अट आहे.

भाचीला म्हटलं, यूडीआयडी कार्ड (सरकारचं अपंगत्वाचं ओळखपत्र) शोधून ठेव आणि सुगम्यचा अर्ज आजच भर, संस्थेकडून सभासदत्व मिळायला वेळ लागू शकतो. संदर्भग्रंथांची यादी तिथे आणि बुकशेअरवर तपास. तिथे न मिळालेलं आणि लगेच लागणारं तेवढंच किंडलवर घे, तेही नमुना ऐकून. मराठी पीडीएफ विकणाऱ्याला पैसे देण्याआधी एक पान मागवून घे. पहिलीच ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये चिकटव. फोननं ती मराठीत वाचली तरच पैसे दे.