चढउताराच्या जमिनीवर पहिला छोटा ट्रॅक्टर: गिअरचा की हायड्रोस्टॅटिक?
गिअरच्या ट्रॅक्टरवर नवशिक्याची खरी परीक्षा उतरताना होते. कारण वेग वाढला म्हणून घाबरून क्लच दाबला, तर इंजिनाचा चाकांवरील रोध सुटतो आणि ट्रॅक्टर मोकळा घरंगळू लागतो. त्यामुळे उताराला लागण्यापूर्वीच खालचा गिअर निवडावा आणि मध्येच तो बदलू नये, ही सवय आधी अंगी बाणवावी लागते.

हायड्रोस्टॅटिक ट्रॅक्टरमध्ये, म्हणजे गिअरऐवजी तेलाच्या दाबाने चाके फिरवणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये, पायाखालील पेडल सैल केले की वेग आपोआप कमी होतो, शिवाय हात सुकाणूवरच राहतात. म्हणून शिकणाऱ्यासाठी मी त्यालाच झुकते माप देईन. मात्र तोही खालच्या, म्हणजे कमी वेगाच्या रेंजमध्येच चालवावा, आणि इंजिन बंद केल्यावर तो उतारावर स्थिर राहीलच असे नसल्याने पार्किंग ब्रेक लावण्यास पर्याय नाही. नांगरणीसारख्या सलग ओढकामात गिअरचा ट्रॅक्टर इंजिनाची शक्ती कमी वाया घालवतो, हे मान्य करायला हवे.

निवड कोणतीही असो, फोर व्हील ड्राइव्ह, म्हणजे पुढच्या चाकांनाही इंजिनाशी जोडणारा भाग, उतरतानाही जोडलेला ठेवावा, कारण बहुतेक छोट्या ट्रॅक्टरांचे ब्रेक केवळ मागील चाकांना असतात. समोरच्या लोडरमध्ये (माल उचलण्याच्या बादलीत) वजन असेल, तर नेमकी तीच चाके हलकी होऊन घसरतात. उलटण्यापासून वाचवणारी चौकट उभी आणि सीटबेल्ट बांधलेला असावा.