तेल्या घालवणारी बाटली

सांगोल्याकडं आमची दोन एकर भगवा डाळिंबाची बाग आहे, सहाशेच्या आसपास झाडं. मृग बहार धरला होता. ऑगस्टात झड लागली आणि पानांवर तेलकट ठिपके उमटले. तेल्या रोग दिसला की डाळिंबवाल्याची झोप गेलीच म्हणायची.

त्याच आठवड्यात एक जण मोटारसायकलवरून बांधावर आला. "दादा, औषध झाडातच असतं," म्हणाला आणि सॅलिसिलिक ॲसिडचं सांगायला बसला. विलोच्या झाडावरूनच त्याचं नाव पडलं. रोग आला की झाड स्वतःच ते बनवतं आणि बाकीच्या फांद्या सावध होतात. यातलं काहीच खोटं नव्हतं. खोटं असतं तर मी त्याला चहासुद्धा पाजला नसता. बाटलीत म्हणे त्याचाच 'शुद्ध वनस्पती अर्क', लिटरला 2,400 रुपये. सहा लिटर घेतले. बिल मागितलं तर वहीच्या पानावर आकडा लिहून दिला.

वर अट घातली, बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं तांबं असलेलं फवारणीचं मिश्रण, बंद करायचं. "तांब्यानं अर्क मरतो."

फवारलं आणि आठ दिवस नवा ठिपका नाही! मीच शेजारच्या तिघांना फोन करून सांगितलं. (त्यातला एक अजून माझ्याशी बोलत नाही.) पण नेमके तेच आठ दिवस पावसानं उघडीप दिली होती. तेल्याचा जिवाणू पावसाच्या थेंबांबरोबर उडून पसरतो, कोरडं पडलं की आपोआप थंडावतो. तो गडी हवामानाचा अंदाज बघूनच गावं धरत असणार, असं आता वाटतं.

सप्टेंबरात पुन्हा चार दिवस पाऊस झाला. बागेवर तांब्याचा थर नव्हता. फळांवर काळे डाग पडले, मग डागातून चिरा गेल्या. अर्धा माल बांधावर टाकला. त्याचा फोन बंद.

तालुक्याला कृषी अधिकाऱ्यांनी बाटली हातात घेऊन आधी लेबल पाहिलं. नोंदणी क्रमांक नाही, बॅच नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही. रोगाचं औषध म्हणून विकायचं तर 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी लागते, आणि बायोस्टिम्युलंट, म्हणजे झाडाचा जोम वाढवणारं, म्हणून विकलं तरी 2021 पासून खत नियंत्रण आदेश लागू आहे. "खरं सॅलिसिलिकसुद्धा रोग यायच्या आधी मारायचं असतं," ते म्हणाले, "झाड जागं होतं, आलेला डाग पुसत नाही." तक्रार लिहायला बसलो, तर विक्रेत्याच्या नावाच्या रकान्यात लिहायला माझ्याकडं काहीच नव्हतं.

परवा पाहुण्यांचा फोन आला. मंगळवेढ्याकडं तसाच एक जण फिरतोय. या वेळी लिंबावरच्या खैऱ्या रोगाचं औषध घेऊन.