शाळेवरून मन उडालेल्या मुलांसाठी साहस शिबिर: पैसे घालावेत का?

कर्जतजवळच्या एका निवासी साहस शिबिराबद्दल लिहितेय. कंपनीचं नाव देत नाही, कारण तक्रारी आहेत आणि त्यातल्या बऱ्याचशा या धंद्यातल्या सगळ्यांनाच लागू पडतील. मी परळच्या एका अनुदानित मराठी शाळेत नववीची वर्गशिक्षिका. माजी विद्यार्थ्यांनी थोडे पैसे दिले, 'शाळेवरून मन उडालेल्या मुलांसाठी वापरा' म्हणून. मुख्याध्यापकांनी शिबिराचं पत्रक माझ्यापुढे सरकवलं. "बाई, याचा खरंच उपयोग होतो का, बघून सांगा."

मन उडालेली मुलं कुठली, ते नववीच्या कुठल्याही बाईंना विचारा. नाव पटावर, दप्तर बाकावर आणि पोरगं मधल्या सुट्टीनंतर गायब. पालकांना बोलावलं की वडील म्हणणार, "राहू दे, सतरा नंबरचा फॉर्म भरतो," म्हणजे शाळा सोडून बाहेरून दहावी.

पत्रकात लिहिलं होतं, 'तीन दिवसांत आत्मविश्वास, नेतृत्व आणि अभ्यासाची गोडी.' तीन दिवसांत! या प्रकाराचं मूळ असलेली आउटवर्ड बाउंड ही संस्था १९४१ मध्ये वेल्समधल्या अ‍ॅबरडोवीला सुरू झाली, तेव्हा तिथला अभ्यासक्रम जवळपास महिन्याचा होता. शिक्षण-संशोधक जॉन हॅटी आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये अशा कार्यक्रमांवरचे ९६ अभ्यास एकत्र करून तपासले. फायदा दिसला, मध्यम आकाराचा. आणि शिबिर संपल्यावर तो विरून गेला नाही, उलट थोडा वाढला. पण वीस दिवसांहून लांब कार्यक्रमांचा परिणाम जास्त होता, आणि एका शिबिराच्या निकालाचा दुसऱ्याच्या निकालाशी मेळ नव्हता. इंग्लंडचं एज्युकेशन एंडाउमेंट फाउंडेशन शाळांसाठी 'कशाचा किती उपयोग' असा तक्ता चालवतं. त्यात बहुतेक उपायांपुढे 'इतक्या महिन्यांची प्रगती' असा आकडा असतो, साहस शिबिरांपुढे तो नाही. पुरावा अपुरा, एवढंच. म्हणजे धीट होण्याबद्दल कंपनीचं ऐकून घेता येईल. अभ्यासाच्या गोडीचं त्यांनी आपल्या जबाबदारीवर छापलंय.

आता शिबिर. जेवण उत्तम, पिठलं-भाकरी पोटभर, सकाळी पोहे. संडास स्वच्छ, मुलींचे वेगळे आणि आतून कडी लागणारे (शाळेची सहल नेलेल्यांना हे वाक्य का लिहिलं ते कळेल). हेल्मेटं मात्र सगळी एकाच मापाची. बारीक चणीच्या मुलींच्या ती डोळ्यांवर येत होती, शेवटी आत रुमाल कोंबले. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार अशा संस्थेला पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. ते प्रमाणपत्र मागितलं तर आधी जीएसटीचं पाठवलं. पाठपुरावा केल्यावर खरं आलं.

प्रशिक्षकांपैकी एक दादा मात्र सोन्यासारखा. रॅपलिंगच्या, म्हणजे दोराने उतरायच्या, कड्यावर त्याने सगळ्यात उनाड दोघांना तपासनीस केलं. उतरणाऱ्या प्रत्येकापुढे त्यांनी मोठ्याने विचारायचं (हार्नेस म्हणजे अंगावरचे पट्टे, कॅराबिनर म्हणजे दोर अडकवायची कडी): "हार्नेसचा पट्टा?" "आवळला!" "कॅराबिनरचा स्क्रू?" "बंद!" उत्तर आलं तरी स्वतःच्या बोटांनी चाचपायचं, मगच हात वर करायचा. वर्गात दोन ओळी सलग न लिहिणारी ही पोरं दुपारभर एक स्क्रू न चुकवता उन्हात उभी होती. एकाने तर माझाच पट्टा ढिला म्हणून मला मागे उभं केलं.

दुसरे एक प्रशिक्षक याच्या अगदी उलट. एक मुलगी कड्यावरून मागे फिरली, तर त्यांनी सगळ्यांना टाळ्या पिटत "जमेल, जमेल" म्हणायला लावलं, ती रडेपर्यंत. मी तिला बाजूला घेतलं. शाळेत चारचौघांत लाज वाटते म्हणून जी मुलं तोंड उघडत नाहीत, त्यांना डोंगरावर नेऊन तोच अनुभव द्यायचा, तर तो शाळेत फुकट मिळतो.

सगळ्यात जास्त राग आला तो शिक्षकांच्या व्यवस्थेचा. आमच्यासाठी लांबवर वेगळी कॉटेज. "मॅडम, तुम्ही आराम करा, मुलं आमची." आम्ही ऐकलं नाही आणि मुलांच्याच डॉर्मिटरीत गाद्या टाकल्या, मी मुलींकडे आणि पीटीचे सर मुलांकडे. माझ्या मते पैसे वसूल झाले असतील तर यामुळेच. पहिल्या संध्याकाळी स्वयंपाकघरात मदतीला कोण, असं विचारल्यावर रोज दुसऱ्या तासाला उगवणारा आमचा एक मुलगा उठला. बटाटे सोलायला बसला तर आचारी आपली सुरी खाली ठेवून बघत राहिला. साल कागदासारखी पातळ, एका दमात सबंध बटाट्याची. "कुठं शिकलास रे?" तर म्हणाला, "घरची वडापावची गाडी आहे ना. पहाटे दादरला भाजी आणायला मीच जातो." हजेरीपत्रकात त्याच्यापुढे वर्षभर फक्त 'उशिरा' होतं. परत आल्यावर मुख्याध्यापकांशी बोलून त्याचा पहिला तास मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर भरून घेतोय. ही सोय शिबिराच्या पॅकेजात नव्हती. आम्ही कॉटेजमध्ये आराम करत बसलो असतो, तर तीही झाली नसती.

बाकीच्यांचं काय? पैसे एकदम सगळ्यांना पुरणारे नव्हते, म्हणून यादीतल्या मुलांसमोरच चिठ्ठ्या टाकल्या. निम्मी डिसेंबरात, निम्मी फेब्रुवारीत. त्यामुळे जाऊन आलेली आणि अजून न गेलेली अशा दोन तुकड्या जानेवारीत शेजारी ठेवून पाहता आल्या. पहिला पंधरवडा गेलेल्यांची हजेरी झकास. संक्रांतीनंतर दोन्ही तुकड्या जवळजवळ सारख्या. एवढ्याशा मुलांवरून निकाल लावायचा नसतो, आणि यादीतली सगळ्यात अवघड दोघं-तिघं तर पालकांची सहीच न आणल्याने चिठ्ठीतही नव्हती. तरी एक फरक टिकलाय. पहिल्या तुकडीतली पोरं मधल्या सुट्टीनंतर वर्गात परत येतात, आणि येणार नसतील तर मला तसं सांगून जातात. गणिताच्या चाचणीत काडीचा फरक नाही.

खर्च माणशी साडेतीन हजारांच्या आसपास, वर जीएसटी. बस एसटीची घेतली, शालेय सहलीची सवलत मिळते. शिक्षण निरीक्षकांच्या परवानगीसाठी मात्र वेळ हातात ठेवा. पाचपैकी तीन तारे देईन, आणि त्यातले दोन त्या दादाचे.

कमी पैशांत काही हवं असेल तर कर्जतकडच्या आंबिवली गावाहून कोथळीगड करा. सुळक्याच्या पोटात कोरलेल्या पायऱ्या चढताना आमची पोरं या शिबिरातल्या झिपलाइनपेक्षा जास्त हरखली होती. दोराची कामं मात्र जाणकाराशिवाय नकोच.

फेब्रुवारीची तुकडी आम्ही याच कंपनीकडे नेतोय, पण या वेळी अटी लेखी घेतल्या आहेत: कड्यावर तोच दादा हवा, हेल्मेटं दोन मापांची हवीत, मागे फिरणाऱ्याला टाळ्या नकोत आणि शिक्षकांच्या गाद्या मुलांच्याच खोलीत. कॉटेजचे पैसे बिलातून वजा करायला ते अजून कुरकुरतायत.