मुंबई ते न्यूयॉर्क: थेट विमान की मध्ये थांबा?

आई-बाबा पहिल्यांदा अमेरिकेला निघाले की घरोघरी हाच प्रश्न पडतो. त्यांना सलग सोळा तास बसवायचं, की मध्ये उतरून जरा पाय मोकळे करू द्यायचे? तिकिटाचे दर बघण्याआधी नकाशा बघा, असं मी सांगेन.

मुंबई ते न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ हे हवाई अंतर साधारण १२,५५० किलोमीटर आहे. दुबईमार्गे ते १२,९५० च्या आसपास जातं आणि लंडनमार्गे १२,७५० च्या. म्हणजे यातली कुठलीच वाट फारशी वाकडी नाही. वेळ जातो तो थांब्यात. थेट विमानाला सुमारे १६ तास लागतात. मध्ये तीन-चार तास थांबून जायचं तर दोन्हीकडून २१-२२ तास धरा.

पण गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी जास्त महत्त्वाचं आहे ते प्रवास नेमका कुठे तुटतो. मुंबई-दुबई जेमतेम सव्वातीन तासांचं. डोळा लागतो न लागतो तोच उतरायचं, पुन्हा सुरक्षा तपासणी, पुन्हा चालणं, आणि त्यानंतर १४ तासांचं उड्डाण शिल्लक असतंच! सलग बसणं वाचतं ते फक्त दोनेक तासांचं. लंडनला मात्र प्रवास जवळपास मधोमध तुटतो: आधी साडेनऊ-दहा तास, मग आठ. कंबरेचा किंवा पायांना सूज येण्याचा त्रास असेल तर मी लंडनच निवडेन. ट्रान्झिट व्हिसाचा नियम तेवढा आधी बघून घ्या.

अबू धाबीचं गणित अंतराच्या बाबतीत दुबईसारखंच, पण तिथे एक मोठी सोय आहे. अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतं. इंग्रजीत उत्तरं देताना बावरणाऱ्या आई-बाबांना न्यूयॉर्कला उतरल्यावर त्या रांगेत उभं राहावं लागत नाही. मात्र थांबा तीन तासांपेक्षा कमी घेऊ नका.

वेळापत्रकातली उतरण्याची वेळ वाचताना लोक फसतात. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असतं, त्यामुळे एकूण प्रवासाचे तास वेगळे बघा. परतताना पश्चिमेचे वारे पाठीशी असतात, म्हणून तास-दीड तास वाचतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा उत्तर भारतातून पश्चिमेला जाणाऱ्या कितीतरी उड्डाणांचा वेळ वाढला. म्हणून जुन्या प्रवाशांच्या आठवणींवर जाऊ नका, तिकिटावर छापलेले तास धरा.

माझ्या आईसाठी मी थेट विमान घेतलं. तिची तब्येत ठणठणीत आहे, पण अनोळखी विमानतळावर एकटीने गेट शोधायची तिला धास्ती वाटत होती. तिकीट महाग पडलं. थेट विमान असलं तरी व्हीलचेअर तिकिटासोबतच नोंदवली, चालायच्या वाटेलगतची सीट घेतली, दर दोन तासांनी उठून चालायला सांगितलं आणि औषधं हातातल्या पिशवीत दिली.